ग्रनाश चाखायला शिकताना: पुण्यातल्या तांब्यापासून ऱ्होनच्या गोट्यांपर्यंत

वाइन चाखायला शिकणारे बहुतेक जण काबर्ने किंवा शिराझपासून सुरुवात करतात. गडद रंग, भरपूर टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरट घटक), ठसठशीत चव, त्यामुळे आपण काय चाखतोय ते लगेच कळतं. ग्रनाश, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन, तसा नाही. ग्लासात तो फिका दिसतो, नाकाला गोडसर लागतो आणि लेबलवर मात्र साडेचौदा-पंधरा टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं. या तिन्हींचा मेळ लागत नाही, म्हणून लोक त्याला साधी, गोडट, डोक्यात जाणारी वाइन म्हणून सोडून देतात. आमच्या पुण्यातल्या छोट्या गटाने नोव्हेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात हा एकच विषय घेतला होता. ज्यांना याच वाटेने जायचं आहे त्यांच्यासाठी घडलं त्या क्रमाने लिहितोय, खर्च आणि कागदपत्रांसकट.

पहिलं काम परवान्याचं. महाराष्ट्रात मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे. वार्षिक परवान्याचे १०० रुपये, आजीवन परवान्याचे १,००० रुपये. अर्ज ऑनलाइन करता येतो. फोटो आणि वयाचा व पत्त्याचा पुरावा आधी स्कॅन करून ठेवावा. घरी बैठक जमवायची तर यजमानाचा परवाना पुरतो असं समजू नका, प्रत्येकाने आपापला काढावा. आजीवनच घेतलेला बरा, दरवर्षीची आठवण ठेवायला नको.

मग सामान. ट्युलिपच्या आकाराचे २१५ मिलीचे चाखायचे ग्लास, माणशी निदान तीन, म्हणजे तीन वाइन शेजारी ठेवून तुलना करता येते. सोबत एक मोठ्या पोटाचा, बरगंडीसाठी वापरतात तसा ग्लास. स्वयंपाकघरातला काडीचा डिजिटल थर्मामीटर, पांढरा कागद आणि थुंकायला स्टीलचे तांब्ये. थुंकण्याचा संकोच पहिल्याच बैठकीत सोडावा लागतो. पंधरा टक्क्यांची वाइन गिळत गेलं तर चौथ्या ग्लासानंतरच्या टिपणांवर विश्वास ठेवता येत नाही. माणशी ५० मिली ओतलं तर ७५० मिलीच्या बाटलीत पंधरा वाटे होतात. खर्चाचं गणित यावरच बसवायचं.

डिसेंबरमध्ये वाइनची एकही बाटली उघडली नाही. जीभ आणि नाक तयार करण्यात महिना गेला, आणि हा महिना कोणी टाळू नये असं माझं ठाम मत आहे. अल्कोहोलचा अंदाज येण्यासाठी वोडका आणि पाणी वापरलं. ४० टक्क्यांच्या वोडकाचे ३० मिली आणि पाणी ७० मिली घेतलं की १२ टक्के होतात. ३५ आणि ६५ ला १४ टक्के. ४० आणि ६० ला १६. (इथे लक्षात ठेवा, वोडकासाठी महाराष्ट्रात वयाची अट २५ आहे.) तिन्ही ग्लास नावं झाकून, अदलून बदलून चाखले की फरक कुठे जाणवतो ते कळतं. बारा टक्के जिभेवरच राहतात, सोळा घशाच्या मागच्या भिंतीवर ऊब सोडतात. टॅनिनसाठी कोरा चहा: २ ग्रॅम पत्ती, २०० मिली उकळतं पाणी, एक कप दोन मिनिटांनी गाळायचा, दुसरा आठ मिनिटांनी. दोन्ही थंड करून प्या आणि हिरड्या कुठे ओढल्या जातात ते पाहा. ग्रनाशमध्ये साधारण दोन मिनिटांच्या कपाएवढीच ओढ असते. त्याची साल पातळ, तिच्यात रंगद्रव्य आणि टॅनिन दोन्ही कमी. फिका रंग दुर्बळपणाचा नाही, सालीचा गुण आहे.

वासांसाठी परदेशी कुप्यांच्या महागड्या पेट्या मिळतात, त्यांची गरज पडली नाही. डिसेंबरात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात येतेच. तिच्यासोबत वाळवलेली संत्र्याची साल, पांढरी मिरी, ज्येष्ठमध, बडीशेप, सुकं अंजीर आणि ओवा. दक्षिण फ्रान्सच्या माळरानावर जी सुगंधी झुडपं वाढतात त्यांना तिथे गारीग म्हणतात. त्यात थाइम असतं, आणि थाइमचा वास ज्या थायमॉलमुळे येतो तेच आपल्या ओव्यात असतं. ओवा तळहातावर चोळून हुंगला की पुढे फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातल्या लाल वाइनमधला तो कोरडा, औषधी सूर पटकन ओळखता येतो. प्रत्येक जिन्नस वेगळ्या वाटीत ठेचून, वर ताटली झाकून दहा मिनिटं ठेवावा आणि डोळे मिटून हुंगावा. ज्येष्ठमध आणि बडीशेप यांत गल्लत करणारे बरेच निघतात. त्या दोन वाट्या पुन्हा पुन्हा घ्या.

जानेवारीपासून बाटल्या. सुरुवात नाशिकपासून केली, कारण सुलाची ग्रनाश रोझे इथेच सहज मिळते. रोझे म्हणजे गुलाबी वाइन; तिच्यात सालीशी संपर्क थोडाच वेळ असतो, त्यामुळे फळाचा सूर स्वच्छ आणि सुटा ऐकू येतो. पुढच्या बैठकीत स्पेनच्या कांपो दे बोर्हाची स्वस्त गार्नाचा (ग्रनाशचंच स्पॅनिश नाव, सार्डिनियात कानोनाऊ म्हणतात) आणि फ्रान्सची साधी कोत द्यु ऱ्होन. पुण्यात या दोन बाटल्या साधारण दीड ते साडेतीन हजारांच्या दरम्यान मिळाल्या. दुकानात 'गार्नाचा तिंतोरेरा' लिहिलेली बाटली दिसली तर ती ग्रनाश समजून घेऊ नका. ते अलिकांते बुशे नावाचं वेगळं द्राक्ष, ग्रनाशच्या संकरातून आलेलं असलं तरी त्याचा गरसुद्धा लाल असतो आणि वाइन काळपट होते.

चाखण्याची आमची पद्धत हळूहळू ठरत गेली. ग्लास कागदावर ४५ अंशांत कलता धरून कडेचा रंग पाहायचा. तरुण ग्रनाशची कड गुलाबी-माणकासारखी, चार-पाच वर्षांत विटकरीकडे झुकते. इतर द्राक्षांच्या मानाने हे लवकर होतं, म्हणून विटकरी कड दिसताच वाइन म्हातारी झाली असं ठरवायचं नाही. मग न हलवता एकदा हुंगायचं, हलवून पुन्हा. घोट तोंडात दहा सेकंद फिरवायचा, थुंकायचा आणि गप्प बसून मोजायचं: आधी काय जातं, फळ की ऊब? संपूर्ण वर्षात सगळ्यात उपयोगी ठरलेला प्रश्न हाच. फळ, मसाला आणि मिठासारखा खनिज स्वाद ऊब विरल्यावरही टिकून असेल, तर पंधरा टक्के अल्कोहोल त्या वाइनला पेलवलं आहे. फळ पाच सेकंदांत संपलं आणि घशात नुसती जळजळ उरली, तर किंमत कितीही असो, तोल गेलेला आहे.

असा तोल जातो कशामुळे? ग्रनाश उशिरा पिकतो आणि पिकताना साखर भराभर चढवतो. सालीतले आणि बियांतले घटक पक्व होईपर्यंत थांबावं तर साखर हाताबाहेर जाते आणि आम्लता घसरते. लवकर तोडावं तर वाइन पातळ, हिरवट होते. म्हणून दक्षिण ऱ्होनमध्ये त्याला बहुधा एकटं ठेवत नाहीत. सिरा (शिराझचंच फ्रेंच नाव) रंग आणि कणा देतो, मूर्वेद्र हे दुसरं द्राक्ष टॅनिन देतं आणि ऑक्सिडेशनला, म्हणजे हवेने वाइन बिघडण्याला, आवर घालतं.

फेब्रुवारीतली एक बैठक फक्त तापमानावर होती. एकच कोत द्यु ऱ्होन, तीन ग्लास: १३, १६ आणि २४ अंश. तेरा अंशांना वाइन घट्ट मिटलेली, फळ दबलेलं. सोळाला स्ट्रॉबेरी, मिरी, ओवा सगळं जागेवर. चोवीसला ग्लासावर नाक नेताच स्पिरिटचा झोत, त्यामागे शिजवलेल्या जॅमचा वास. तीच बाटली आणि तीच वाइन, पण कोणी चोवीसचा ग्लास आधी दिला असता तर ग्रनाशबद्दल वाईट मत घेऊनच माणूस घरी गेला असता. 'रूम टेंपरेचर' हा सल्ला आपल्याकडे या वाइनचा घात करतो. २८ अंशांच्या खोलीतली बाटली फ्रिजमध्ये सोळावर यायला दीड तासाच्या आसपास लागतो. बर्फ आणि पाणी निम्मेनिम्मे भरलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटं पुरतात. नुसता बर्फ टाकू नका, पाणी असल्याशिवाय थंडावा बाटलीभोवती नीट लागत नाही. ओतल्यावर ग्लास पुन्हा तापतो, म्हणून पंधरा अंशांवरच ओतलेलं बरं.

मार्चमध्ये ऑस्ट्रेलिया घेतला. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया करारामुळे तिथल्या महागड्या बाटल्यांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरतंय, त्यामुळे बरोसा आणि मक्लारेन व्हेलच्या वाइन पूर्वीपेक्षा आवाक्यात आहेत. बरोसात १८४८ साली लावलेल्या ग्रनाशच्या वेली अजून पीक देतात. तिथल्या २००९ च्या सनदेनुसार ३५ वर्षांची वेल 'जुनी', ७० ची 'तगून राहिलेली', १०० ची 'शतायू' आणि १२५ ची 'पूर्वज' म्हणवली जाते. जुन्या वेली कमी घड धरतात, मुळं खोल असतात आणि तोंडात त्याचा परिणाम गोडव्यापेक्षा दाटपणात जाणवतो. फ्रान्समध्ये 'जुन्या वेली' या शब्दांना अशी वयाची कायदेशीर मर्यादा नाही, तेव्हा लेबलवर ते वाचून जास्त पैसे मोजताना जरा थांबा.

एकीकडे ऱ्होनला जाण्याची तयारी सुरू होती. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, सहा महिन्यांपर्यंत आधी अर्ज करण्याची मुभा, आणि निर्णयाला नियमाप्रमाणे पंधरा दिवस. पासपोर्ट हातात नसतानाचा तो काळ जिवाला घोर लावतो. विमान आणि राहण्याचं आरक्षण रद्द करता येण्याजोगंच घ्यावं. मे महिना ठरवला तर फ्रान्सच्या सुट्ट्या पाहून घ्या: १ आणि ८ मे दरवर्षी, शिवाय असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार, जो २०२५ मध्ये २९ मेला होता. त्या दिवसांत छोटे द्राक्षमळे बंद असतात. आम्ही महिन्याच्या मध्यावर गेलो.

मळ्यांना भेटीसाठी तीन-चार आठवडे आधी ईमेल करावी लागते. काहींचं उत्तर येत नाही. त्यात अपमान नाही, एक-दोन माणसांवर चालणारे मळे असतात आणि वसंतात ती माणसं शेतात असतात. ईमेल दोन ओळींची ठेवा: तारीख, वेळ, किती जण. फ्रेंचमध्ये लिहिली तर उत्तराची शक्यता वाढते. दुपारी बारा ते दोन कुठेही काही मिळत नाही. चाखण्याचे माणशी १० ते २५ युरो, बाटली घेतली तर बरेच जण माफ करतात. पॅरिसहून वेगवान रेल्वेने अॅव्हिन्यों टीजीव्ही स्टेशन साधारण दोन तास चाळीस मिनिटांवर. पुढे गाडी लागतेच, आणि फ्रान्सची मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम, म्हणजे गाडी चालवणाऱ्याने प्रत्येक घोट थुंकायचा. तिथे त्याला कोणी नावं ठेवत नाही, उलट माणूस मनापासून चाखतोय असं समजतात.

दक्षिण ऱ्होनमधल्या शातोनफ द्यु पाप गावाभोवतीचे गोटे फोटोत पाहिलेले असतात. पठारावर उभं राहिल्यावर कळतं की पायाखाली माती दिसतच नाही. नारळाएवढे गुळगुळीत गोटे, दिवसभर ऊन पितात आणि रात्री सोडतात. खाली लाल चिकणमाती पाणी धरून ठेवते. वेली तारांवर चढवलेल्या नाहीत, गुडघ्याएवढी सुटी झुडपं. मिस्त्राल हा उत्तरेचा जोरदार वारा सुटला की तारेवरच्या कोवळ्या फांद्या मोडतात. ग्रनाशचं खोड ताठ आणि चिवट, ते झुडपातच निभावतं. पण त्याच गावात वाळूच्या जमिनी आहेत, चुनखडीच्याही आहेत. १९२३ मध्ये बॅरन ल रुआ या मळेवाल्यांनी इथे नियम आखले, १९३६ मध्ये अधिकृत दर्जा मिळाला. तेरा द्राक्षं चालतात, हेक्टरी उत्पादनाची मर्यादा ३५ हेक्टोलिटर, तोडणी हातानेच, आणि रोझे करायला परवानगी नाही. गोट्यांवरचा आणि वाळूतला ग्रनाश शेजारी ठेवून चाखायला मिळाला तर ती संधी सोडू नका. गोट्यांवरचा रुंद, ऊबदार, किर्श (चेरीचं मद्य) आणि ज्येष्ठमधाचा. वाळूतला फिका, रेशमी, गुलाबाचा आणि संत्र्याच्या सालीचा. टॅनिन इतकं बारीक की शोधावं लागतं. अल्कोहोलचा आकडा दोन्हींवर जवळपास सारखाच होता. ऊब मात्र वाळूतल्या वाइनमध्ये शोधूनही सापडेना. डिसेंबरच्या वोडका-पाण्याच्या ग्लासांचं चीज झालं ते इथे.

तळघरांत लहान नवी ओक पिंपं फार दिसत नाहीत. ग्रनाशला हवा सोसत नाही, लवकर ऑक्सिडाइझ होतो. म्हणून काँक्रीटच्या टाक्या किंवा हजारो लिटरची जुनी लाकडी पिंपं, जिथे वाइनच्या मानाने लाकडाचा आणि हवेचा स्पर्श कमी. नव्या ओकचा व्हॅनिला त्याच्या नाजूक फळावर चढून बसतो, हेही आहेच.

झिगोंदास हे गाव तिथून उत्तर-पूर्वेला, दांतेल द मोंमिराईच्या चुनखडी सुळक्यांच्या पायथ्याशी. १९७१ पासून स्वतंत्र दर्जा. उंचीमुळे आणि डोंगराच्या सावलीमुळे रात्री गार. वाइन अधिक ताठ, ताजी, मिरी जास्त. शातोनफची बाटली ३० ते ६० युरो असेल तर झिगोंदासची १८ ते ३०. पैसे जपून वापरायचे असतील तर मी झिगोंदास आणि शेजारच्या वाकेरासकडे वळेन. वेली फुलोऱ्याच्या उंबरठ्यावर होत्या. या दिवसांत थंडी-पाऊस आला तर ग्रनाशची फुलं फळ न धरताच गळतात. २०१७ मध्ये तसंच होऊन दक्षिण ऱ्होनचं पीक घटलं. २०१८ ला ओलाव्याने डाउनी मिल्ड्यू हा बुरशीसारखा रोग आला. दुकानात वाइनचं वर्ष निवडताना हे कामी येतं: २०१६ आणि २०१९ दमदार, २०२१ थंड आणि हलकं, लगेच पिण्याजोगं.

परतताना भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणल्या की अर्धा लिटर उरतो, आणि बान्युल्स ही दक्षिण फ्रान्सची गोड ग्रनाश बऱ्याचदा ५०० मिलीच्या बाटलीत मिळते. हिशोब तंतोतंत बसतो. बाटल्या चेक-इन सामानात, जाड मोजे आणि प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, बॅगेच्या मधोमध. पावत्या हाताशी ठेवा.

आणलेल्या बाटल्या महिनाभर तरी आडव्या निजवून ठेवल्या. जून ते ऑगस्ट दोष ओळखण्यावर गेले. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे कॉर्कचा दोष. हवा देऊन तो जात नाही, वाढतो. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास म्हणजे इथिल अॅसिटेट, अतिपक्व द्राक्षांत जास्त आढळतो. घोड्याच्या तबेल्याचा, बँडेजचा वास ब्रेटानोमायसिस यीस्टचा. आम्लता कमी असलेल्या ग्रनाशमध्ये वाइन टिकवायला घातलेलं गंधक कमी प्रभावी ठरतं, म्हणून तो इथे वारंवार भेटतो. जुन्या धाटणीच्या ऱ्होनमध्ये थोडा तबेला काहींना आवडतो, मला तो फळ झाकतो म्हणून नको वाटतो. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी कड एकत्र आली तर वाइन ऑक्सिडाइझ झालेली. आणि लाल वाइन नीट कोरडी असायला हवी तिथे घोटाच्या शेवटी गोडवा राहिला, तर बहुधा आंबवण अर्धवट थांबलेलं असतं: साखर जास्त, अल्कोहोल चढलं, यीस्ट दमलं.

सप्टेंबरचा तिसरा शुक्रवार आंतरराष्ट्रीय ग्रनाश दिवस असतो. २०२५ मध्ये तो १९ तारखेला आला. त्या संध्याकाळी बाटल्यांना कागद गुंडाळून शेवटची बैठक झाली. क्रम असा लावला: दक्षिण ऱ्होनमधल्या तावेलची रोझे, मग माद्रिदहून एका मित्राने आणलेली ग्रेदोसची गार्नाचा, ग्रॅनाइटवरची, उंचावरची, लाल वाइनमध्ये सगळ्यात फिकी, मग झिगोंदास, शातोनफ, बरोसा, स्पेनची प्रिओरात, आणि शेवटी बान्युल्स. फिक्याकडून गडदाकडे, हलक्याकडून जडाकडे, गोड शेवटी. प्रिओरातची काळी पाटीसारखी जमीन आणि सोबतचं कारिन्येना द्राक्ष यांमुळे ती वाइन बाकीच्यांपेक्षा गडद आणि कडक असते, ती सर्वांनी ओळखली. झिगोंदास आणि शातोनफ यांत मात्र मतं दुभंगली, आणि ते साहजिक आहे. गावांच्या सीमेपेक्षा माती आणि उंची जास्त बोलते. माणशी खर्च साडेतीन हजारांच्या आसपास आला.

जेवण चाखून झाल्यावरच. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात, म्हणून तांबडा रस्सा या वाइनसोबत नको. चिंच-कोकमाच्या आंबट पदार्थांपुढे कमी आम्लतेची वाइन सपाट लागते. भाजलेल्या वांग्याचं कमी तिखट भरीत, मिरी-लसणावर परतलेलं सुकं मटण आणि ज्वारीची भाकरी उत्तम जमलं. तावेलबरोबर तळलेली सुरमई.

बान्युल्समध्ये आंबवण चालू असतानाच शुद्ध अल्कोहोल घालून ते थांबवतात, त्यामुळे द्राक्षाची साखर शिल्लक राहते. ती १४ अंशांवर, सत्तर टक्के कोकोच्या चॉकलेटसोबत किंवा सुक्या अंजिरासोबत घ्यावी. चॉकलेट वाइनपेक्षा गोड असेल तर वाइन कडवट लागते. लाकडात किंवा काचेच्या कुंभात हवेशी खेळत जुनी झालेली बान्युल्स उघडल्यावर फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे आरामात टिकते. कोरड्या लाल ग्रनाशला ती सवलत नाही; उरलेली वाइन त्याच रात्री छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.